भेगांवरची चरबी

चांदी म्हशीने लाथ मारली ती गिरजाच्या गुडघ्याला, पण कासंडी उलटली ती उलटलीच. सकाळच्या धारेचं दूध, तेही कसंबसं निघालेलं, गोठ्यातल्या शेणात मिसळून गेलं. गिरजा गुडघा धरून बसली नाही. तिने आधी कासंडी सरळ केली आणि बुडाशी काय उरलंय ते पाहिलं. चार घोट होते. तेवढ्यावर पोरीची सकाळ निघाली असती. दुपारचं काय करायचं ते तिला सुचेना.

मग तिने म्हशीच्या कासेकडे पाहिलं. पुढच्या दोन्ही सडांवर बारीक लाल ओरखडे उमटले होते. गिरजाने आपले हात दारातल्या उजेडात धरले. अंगठ्याच्या पेरावर, बोटांच्या कडेने, तळव्याच्या घड्यांत भेगा पडल्या होत्या आणि भेगांच्या कडा वाळक्या सालपटासारख्या टणक झाल्या होत्या. भाताची झोडणी, वरून पौषातली थंडी, भांड्यांची राख, गोठ्याचं शेण. दर हिवाळ्यात तिचे हात असेच उलत. चिंधी बांधून ती कामाला लागे, कुणाला सांगतही नसे. पण यंदा त्या हातांवर एक जीव अवलंबून होता.

पारू, तिची एकुलती लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मूल झालं आणि पाचवी पुजायच्या दिवशीच पारू तापात गेली. जावई मुरबाडकडचा. घरात बाईमाणूस नाही म्हणून मुलगी इथेच ठेवून, डोळे पुसत निघून गेला. पोर अडीच महिन्यांची झाली तरी तिचं बारसं करायला कुणाचा जीव धजावला नव्हता. सगळे तिला नुसतं 'बाय' म्हणत. ती जगत होती ती चांदीच्या दुधावर, बोंडल्याने थेंब थेंब पाजलेल्या, निम्मं पाणी घातलेल्या. चांदीचं स्वतःचं पारडू कार्तिकातच मेलेलं. त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे उभं केलं की ती चाटत राही आणि पान्हा सोडी, तोही फक्त गिरजाच्या हाताला. आधी तो पारूच्याही हाताला सोडायची. पोट पुढे आलेलं असतानाही पारू रोज सकाळी धारेला बसायची. गिरजा ओरडली तरी ऐकायची नाही.

"म्हस बिथारली काय?" राघोने ओटीवरून विचारलं. तो कंबरेला कोयता अडकवून गवतकापणीला निघाला होता.

"सड चिरलंत. माझ्या हातानी."

"मंग कायतरी लाव हातांना," एवढंच म्हणून तो उतरला. पोर आत कण्हत होती, पण त्याने तिकडे मान वळवली नाही. पारू गेल्यापासून त्याने नातीला एकदाही हातात घेतलं नव्हतं. गिरजाला त्याचा राग यायचा आणि रागाच्या पाठोपाठ कीवही यायची.

कायतरी लाव म्हणणं सोपं होतं. खोबरेल लावून झालं होतं, ते घटकेत सुकून जाई. कोकमाचं तेल लावलं, जळतं मेण भेगांत ओतून घेतलं. मेणाने भेगा बुजत, पण वाळून ते असं खडबडीत होई की सडांना आणखीच टोचे.

दुसऱ्या दिवशी किन्हवलीचा बाजार होता. पोरीला शेजारणीच्या ओटीवर ठेवून गिरजा मिठाला म्हणून गेली. चिंचेखाली राही बसली होती. डोळखांबकडच्या डोंगरातल्या वाडीवरची ही ठाकरीण मध, डिंक, मुळ्या घेऊन बाजाराला येई आणि सुगीत गिरजाच्या शेतावर कापणीला असे. पारूला तिने रांगताना पाहिलेलं. गिरजाने शेजारच्या दुकानातून मिठाची पुडी घेताना हात पुढे केला, तो राहीने मनगटाला धरून ठेवला.

"बाय, ह्या हातानी तू म्हस पिळतेस?"

गिरजाच्या डोळ्यांत पाणीच आलं. अडीच महिन्यांत कुणी तिचा हात धरून पाहिला नव्हता. तिने सगळं सांगितलं, चांदीची लाथ, सडांवरचे ओरखडे, पोरीचं कण्हणं. राहीने ऐकून घेतलं आणि पाठीमागच्या पाटीतून वीतभर लांबीची बांबूची नळी काढली. तोंडाला चिंधीचा बोळा होता.

"ही घे. चरबी हाय. कढवून, गाळून, मधाचं मेन आनि करंजाचं तेल घालून म्या केलीय. माझ्या नवऱ्याच्या टाचा चार दिसांत भरल्या. ही कसली हाय म्हायती—"

"सांगू नको!" गिरजाने दोन्ही हात कानांवर नेले. "कसली ते सांगू नको, राही. मला संध्याकाळचा देवापुढं दिवा लावायचा असतो."

रानातली माणसं कसली कसली चरबी ठेवतात ते तिला ऐकून ठाऊक होतं. डुकराची असली तर चालून गेलं असतं. पण भलतीसलती निघाली असती तर ती घरात ठेवता आली नसती आणि ठेवली नसती तर हात बरे झाले नसते. न विचारलेल्याचं पाप लागत नाही, अशी तिने मनाची समजूत घातली. राहीने उघडलेलं तोंड मिटलं. तेवढ्या न ऐकलेल्या एका शब्दापायी पुढचा सगळा घोर लागला.

"काय देऊ?" गिरजाने कमरेची चंची चाचपली.

"काय नको. पारूची पोर हाय ती."

त्या संध्याकाळी धार काढून झाल्यावर गिरजाने चरबी चुलीशी पातळ केली आणि भेगाभेगांत जिरवली. पिवळट, दाट, वरून करंजाचा उग्र वास. हातांना चिंध्या गुंडाळून ती निजली. सकाळी चिंध्या सोडल्या तर तळवा वाकत होता! मूठ मिटताना चर्र व्हायचं ते झालं नाही. पोरीच्या गालावरून तिने अंगठा फिरवून पाहिला. पोर रडली नाही. गिरजाला इतका आनंद झाला की चुलीला फुंकर घालायचीही तिला आठवण राहिली नाही.

कासंडी घेऊन ती गोठ्यात शिरली आणि चांदीने एकदम मान वर केली. नाकपुड्या फुगवून तिने फुर्रकन श्वास सोडला, डोळ्यांतलं पांढरं दिसू लागलं, आणि दावं ताणून ती पार भिंतीला जाऊन टेकली. पुढ्यात पेंढ्याचं पारडू ठेवलं तरी तिने ते चाटलं नाही.

"अगो, हात बरे झालं माझे, बघ तरी," गिरजा म्हणाली.

सड अजून दुखत असतील, असं तिला वाटलं. तिने कोमट पाण्याने कास शेकली, आंबोणात मूठभर गूळ टाकला, पाठ थापटली. चांदी सगळा वेळ थरथरत होती. नेहमीच्या निम्मं दूध निघालं.

संध्याकाळी गिरजाने चरबी आणखी दाट लावली. हाताला जराही खरखर राहू नये म्हणून मनगटापर्यंत चोळली. दुसऱ्या दिवशी निम्म्याचं निम्मं निघालं. तिसऱ्या दिवशी फुलपात्रभर. हात दिवसागणिक मऊ होत चालले होते, वीस वर्षांत झाले नव्हते इतके, आणि म्हैस दिवसागणिक आकसत चालली होती. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं गिरजाच्या मनातही आलं नाही. ती आपली इमानेइतबारे चरबी चोळत राहिली.

शेजारणीने दोन दिवस पळीपळी दूध दिलं. तिच्या गायीलाच पुरेसं दूध नव्हतं. मग गिरजाने पोरीला तांदळाच्या पेजेचं पाणी पाजलं. ते पोटात ठरेना. पोरीच्या मांड्यांची कातडी सैल पडली आणि रडणं बारीक झालं. मोठ्याने रडायची तेव्हा गिरजा कावायची; आता ते मोठं रडणं ऐकायला ती आसुसली होती.

चौथ्या दिवशी तिने कुत्र्याला भाकरीचा तुकडा टाकला. काळ्या पाच वर्षं तिच्या हातून खात आलेला. तो दोन पावलं पुढे आला, हुंगला, शेपूट पायांत घातली आणि कण्हत गाडीखाली शिरला. बैलांना गवत टाकायला गेली तर बैलही बिचकले.

गिरजाने हातातलं गवत अंगणातच खाली टाकलं. जनावरांना दिसतं ते माणसांना दिसत नाही, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. आपल्या मागे कुणीतरी उभं आहे, असं तिला वाटलं. मागे वळून पाहायचा धीर होईना. कोण असेल ते तिला विचारायची गरजच नव्हती.

बाळंतपणात गेलेली बाई मुलासाठी परत येते म्हणतात. म्हणून पारूला नेताना राघोने स्वतः वाटेवर नाचणीचे दाणे टाकले होते. ती माघारी निघाली तर दाणे वेचत बसावी, वेचता वेचता उजाडावं आणि तिला घर सापडू नये. बापाने लेकीच्या वाटेवर दाणे टाकावेत! मूठ रिकामी होईपर्यंत त्याने टाकले. घरी येऊन तो म्हणाला होता, "तिचं काय पन घरात ठेवू नको. चिंधीसुदीक."

गिरजाने सगळं दिलं. काकणं, फणी, उशी, गोधडी. एक लुगडं मात्र दिलं नाही. कळा सुरू झाल्या त्या सकाळी पारू धार काढून आली होती आणि अंगावरचं विटकं जांभळं, लाल काठांचं लुगडं सोडून तिने दांडीवर टाकलं होतं. ते गिरजाने न धुता घडी करून, गोणपाटात गुंडाळून भाताच्या कणगीच्या तळाशी लपवलं. तिच्याने ते देववलं नाही, एवढंच त्यामागचं कारण.

आता ते कारण तिला टोचू लागलं. त्या लुगड्यापायी पारू अडकली, आपल्या मागे मागे फिरते, म्हणून म्हैस बिचकते आणि तिचीच पोर उपाशी मरते, असं सगळं तिच्या मनात जुळून आलं. पाचव्या दिवशी चांदीने कासेला हातच लावू दिला नाही. दुपारी राघो कामावर गेलेला पाहून गिरजाने कणगीत हात घातला, लुगडं गोणपाटासकट काढलं, पाटीत ठेवलं, वर गोवऱ्या रचल्या आणि ओढ्याची वाट धरली.

ओढ्यावर लखमा गुराख्याने गावची गुरं पाण्यावर आणली होती. म्हातारा दगडावर बसून तंबाखू मळत होता. वारा गिरजाच्या पाठीकडून वाहत होता. ती वीस पावलांवर आली नाही तोच पुढची गाय पाण्यातून तोंड काढून ताठ झाली. पुढच्या क्षणाला सगळी गुरं शेपट्या उभारून पलीकडच्या काठावर चढली आणि झुडपांत घुसली.

"थांब, वयनी! तिथंच थांब!" लखमा ओरडला. त्याने गुरं अडवली, धापा टाकत परत आला आणि तिच्याकडे खालून वर बघू लागला.

गिरजा पाटीसकट खाली बसली. "तुमाला पन दिसते काय ती? माज्या मागं हाय ना?"

"कोन?"

"पारू."

लखमा जवळ आला आणि त्याने नाक वर करून हुंगलं, जसं त्याच्या गुरांनी हुंगलं होतं. मग तिच्यापुढे उकिडवा बसला. "हात बघू."

तिने हात पुढे केले. मऊ, भरलेले, अंगठ्याची भेग पार मिटलेली. लखमाने ते नाकाशी नेले आणि झटक्याने सोडले.

"राहीनं चरबी दिली काय तुला?"

"हां."

"कसली ते सांगितलं नाय?"

"मीच नको म्हनाले."

"वाघाची हाय ही, वयनी." त्याने आवाज खाली आणला. "दिवाळीच्या आधी साहेबानं वर डोंगरात मारला. आमीच रान उठवून हाका केला. कातडं साहेबानं नेलं, चरबी हाकेवाल्यांनी वाटून घेतली. राहीच्या नवऱ्याच्या वाट्याला नळीभर आली व्हती, ती तिनं तुला दिली. माझी मी गुडघ्याला लावली, तर बकऱ्या दोन दिस आंगनात शिरल्या नायत. तुझी म्हस कुठनं पान्हा सोडंल? तिच्या कासेला रोज वाघ हात लावतो!"

आधी गिरजाला हसू फुटेल असं वाटलं, मग रडूच फुटलं. राहीने आपल्या घरातली सगळ्यात मोलाची वस्तू दिली होती आणि आपण कानांवर हात ठेवून ती घेतली. पारू मागे नव्हती. पारूला आपण ओढ्यात सोडायला निघालो होतो.

गोवऱ्यांखालचं लुगडं तसंच ठेवून ती पाटी घेऊन परत फिरली.

घरी येऊन तिने नळी मागोमाग आलेल्या लखमाच्या हवाली केली आणि हात धुवायला बसली. राखेने धुतले, वाळूने घासले, डाळीचं पीठ, चिंच, चिखल, शेवटी शेण. नवी कातडी सोलून निघाली. चरबी भेगांतून आत खोल जिरली होती. दिवेलागणीला ती गोठ्याच्या दाराशी गेली आणि चांदीने फुर्र केलं. शेजारीण बसून बघते म्हणाली, तिला चांदीने मांडीवर लाथ दिली. कास तटतटून आली होती. एक-दोन दिवसांत दूध आटलं असतं, मग ते पुन्हा उतरलं नसतं. आत पोर आता रडतही नव्हती, नुसतं तोंड उघडून मिटत होती.

राघो जेवायला बसला तेव्हा गिरजाने सगळं सांगितलं आणि मग गोणपाट आणून, आतल्या लुगड्याला हात न लावता, त्याच्यापासून हातभर अंतरावर उलगडलं.

राघोचा घास हातातच राहिला. "हे कुठनं आलं?"

"कणगीत व्हतं."

"मी सांगितलं व्हतं ना तुला..."

"सांगितलं व्हतं. माज्यानं नाय झालं." ती एकदम बोलत सुटली, थांबली तर धीर सुटेल म्हणून. "धुतलेलं नाय हे. ती नेसून धारेला बसायची. म्हशीला ह्याचा वास म्हायती हाय. गावातली एक बाय ह्याला हात लावनार नाय. माजे हात असे. तुमच्या हातांना घट्टे हायत पन भेगा नायत."

राघोला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तो ताटावरून उठला. "मी लुगडं नेसू? पोरीचं?"

राघो ओटीवर जाऊन बसला. पाठमोरा, खांबाला टेकून, किती तरी वेळ. तो नाही म्हणाला तर काय करायचं, हे तिला माहीत नव्हतं. तिने पोरीला मांडीवर घेतलं आणि पेजेचं पाणी थेंबाथेंबाने तिच्या ओठांवर सोडत राहिली.

उजाडताना तिला अंगणात पाण्याचा आवाज आला. राघो आंघोळ करत होता. अंग पुसून तो आत आला, लुगड्यापुढे उभा राहिला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "कसं नेसायचं?"

तिला नेसवायला जाता येईना. तिच्या हातांचा वास लुगड्याला लागला असता. दारात उभी राहून ती लांबूनच सांगत होती. "कमरेला गाठ मारा. निऱ्या घ्या. बारीक घ्या. आता मागं कासोटा... नाय, उलटा झाला." राघोने दोनदा सोडलं, दोनदा घातलं. लुगड्याच्या घडीतून भाताची कुसं गळत होती. पदर डोक्यावरून घेताना त्याचे हात थांबले. पदर नाकाशी तसाच धरून तो थोडा वेळ उभा राहिला. मग कासंडी उचलून अंगणात उतरला.

गवतकापणीला जाणारे दोघं जण कुंपणापाशी येऊन हाक मारणार होते. एकाला हसू फुटलं. "राघो, आज काय तमाशा..." आणि त्याला लुगड्याचे लाल काठ दिसले. पाड्यात सगळ्यांना ते ठाऊक होते. त्याने कोयता खांद्यावरून खाली घेतला आणि दोघं पुढे गेले.

गिरजा आवाराच्या दुसऱ्या टोकाला, वाऱ्याच्या उलट अंगाला जाऊन उभी राहिली. गोठ्याच्या कुडाच्या फटीतून तिला जांभळं लुगडं दिसत होतं. चांदीने मान वर केली. म्हशीने नाक पुढे केलं, पदराला लावलं, खांद्यावरून खाली निऱ्यांपर्यंत हुंगत आणलं. राघो हलला नाही. चांदीने एक लांब सुस्कारा सोडला आणि त्याचा खांदा चाटला. पुन्हा चाटला. पुढ्यातल्या पेंढ्याच्या पारडाकडे तिने पाहिलंही नाही.

मग कासंडीत धारेचा आवाज आला. पहिला पोकळ, टिनावर पडल्यासारखा, मग भरत भरत जाड झालेला. गिरजाने दोन्ही हात तोंडावर दाबले. सोलवटलेले, तरी मऊ हात होते ते, त्यांचा आता काही उपयोग नव्हता.

राघो बाहेर आला तेव्हा कासंडीवर फेस होता. त्याने दूध ओटीवर ठेवलं. गिरजाने पाणी घालून कोमट केलं, बोंडलं भरलं आणि पोरीला उचलायला वाकली, तेवढ्यात तो म्हणाला, "आन इकडं."

तो तसाच लुगड्यात, भिंतीला टेकून बसला. तिने पोर त्याच्या मांडीवर दिली. पोरीने आधी दूध घेतलं नाही, तोंड वळवून पदरात खुपसलं. राघोने बोंडलं तिच्या ओठांना लावलं. ती ओढू लागली, आधी हळू, मग अधाशासारखी, आणि मध्येच ठसका लागून मोठ्याने रडली. अख्ख्या पाड्याला ऐकू जाईल इतकं मोठ्याने. राघोच्या मिशीवरून पाणी ओघळत होतं, ते तो पुसत नव्हता.

बोंडलं रिकामं झालं. पोर निजली. ऊन ओटीवर आलं तरी तो उठला नाही. शेवटी त्याने पोरीला गिरजाकडे दिलं, आत जाऊन लुगडं सोडलं आणि नीट घडी करू लागला. घडी जमेना, तरी केली. ती घेऊन तो कणगीकडे गेला नाही, सरळ दांडीपाशी गेला आणि पारू टाकायची त्याच जागी त्याने ते टाकलं.

"संध्याकाळी मीच बसतो धारेला," तो म्हणाला, आणि कोयता घेऊन निघताना दारातून वळला. "आनि हे धुवू नको गो."